लॅपटॉपचा दिवा लागतो, पडदा मात्र काळाच

शेळ्या, गांडूळखत, बँकेचं कर्ज यांवर आपण नेहमीच बोलतो. आज बोलायचं आहे लॅपटॉपवर, तेही बिघडलेल्या. हसू नका. ज्या ज्या ग्रामसंघाकडे लॅपटॉप आहे तिथं तो एखाद्या सकाळी हमखास रुसतो. बटण दाबलं की दिवा लागतो, आतला पंखा घरघरतो, आणि पडदा तव्यासारखा काळा. मग सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न येतो, शेवटचा हात कुणाचा लागला होता?

परंडा तालुक्यातल्या एका गावात आम्ही ध्वनिमुद्रणाला गेलो होतो, तेव्हा नेमकं हेच चाललेलं. मार्च संपत आलेला. गटांच्या कर्जाची फाईल दोन दिवसांनी बँकेत द्यायची होती आणि सगळ्या नोंदी लॅपटॉपमध्ये. नोंदी करायची ती गावातली एक सून, बारावी शिकलेली, लग्न होऊन दोन वर्षं झालेली. आदल्या रात्री लाईट गेली, तिनं झाकण लावलं आणि ती घरी गेली. सकाळी बघते तर पडदा काळा. आम्ही पोचलो तेव्हा ती कोपऱ्यात उभी होती आणि पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मी काहीच केलं नाही वो, नुसतं झाकण लावलं." सासूबाई गटातच बसलेल्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण बाकीच्यांनी बोलायचं ते बोलून घेतलं होतं. "शिकलेल्या पोरींच्या हातात दिलं की असंच," हेही एकीनं म्हटलं.

तालुक्याच्या दुकानात फोन लावला. दुकानदारानं यंत्र न बघताच सांगितलं, मदरबोर्ड गेला असणार, आठ-नऊ हजार लागतील, आणि फॉरमॅट मारावं लागेल, आतलं सगळं जाईल. हे ऐकून ती पोर रडायलाच लागली.

पुढं काय झालं ते सांगतोच. त्याआधी लॅपटॉप सकाळी उठतो तेव्हा आत काय घडतं ते समजून घेऊ. ते कळलं की दुकानदाराचं बोलणं कुठं चुकलं तेही कळेल.

आपली गटाची बैठक कशी सुरू होते? आधी हजेरी. हजेरी झाल्याशिवाय बचत गोळा होत नाही, कर्जाचा विषय निघत नाही. लॅपटॉपचंही तसंच आहे. बटण दाबलं की पहिले काही सेकंद तो स्वतःच्या भागांची हजेरी घेतो. मेमरी म्हणजे रॅम हजर आहे का, पडदा चालवणारा भाग हजर आहे का, कळफलक आहे का. सगळे हजर असले तर कंपनीचं चिन्ह पडद्यावर येतं. मग तो हार्डडिस्क शोधतो, आणि तिच्यावरून विंडोज उचलतो. आपल्या नोंदी, फोटो, ठराव हे सगळं त्या डिस्कवर असतं. म्हणजे हजेरीला कुणी गैरहजर राहिलं तर बैठक तिथंच थांबते, तिजोरीला हातही लागत नाही. तिजोरी आहे तशीच राहते.

यातून एक गोष्ट सरळ निघते. कंपनीचं चिन्हसुद्धा न येता पडदा काळा असेल तर लॅपटॉप विंडोजपर्यंत पोचलेलाच नाही. फॉरमॅट मारणं म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्यानं टाकणं. दाराची कडी अडकली म्हणून तिजोरी रिकामी करावी, अशातला तो प्रकार. चिन्ह येण्याआधीच्या काळ्या पडद्यावर फॉरमॅट हा उपाय नाही. आपल्या नोंदी बहुतेक वेळा सुखरूप असतात. हे वाक्य आम्ही त्या दिवशी मोठ्यानं म्हणालो, तेव्हा खोलीतला निम्मा ताण उतरला.

आता काळा म्हणजे कोणता काळा, हे पाहायचं. बाळ रडतंय म्हटल्यावर भुकेनं का पोटात दुखतंय म्हणून, हे आई आधी बघते ना, तसं.

दिवाच लागत नाही, पंखा नाही, काही नाही, तर प्रश्न विजेचा आहे. आधी भिंतीच्या सॉकेटात मोबाईलचा चार्जर लावून बघा, तिथं वीज आहे का. एक्स्टेन्शन बोर्ड बाजूला ठेवा, थेट भिंतीत लावा. चार्जरच्या ठोकळ्याला दोन वायरी असतात, एक भिंतीकडची आणि एक लॅपटॉपकडची. भिंतीकडची वायर ठोकळ्यात अर्धवट बसलेली असते, हे आम्ही स्वतः तीन ठिकाणी पाहिलंय. ठोकळ्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की तो १०० ते २४० व्होल्ट घेतो आणि लॅपटॉपला किती व्होल्ट, किती अँपिअर देतो. दुसऱ्या कुणाचा चार्जर लावून बघायचा असेल तर व्होल्टचा आकडा तोच हवा, अँपिअर तेवढेच किंवा जास्त, आणि पिन नीट बसणारी. "बसतंय ना, मग लाव" असं करू नका.

दिवा लागतो, पंखा फिरतो, तरी काळाच, हा दुसरा प्रकार. आपल्याकडे सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो इथंच. पहिली परीक्षा फुकटची आहे. कळफलकावर कॅप्स लॉक नावाची कळ असते, बऱ्याच लॅपटॉपवर तिला छोटा दिवा असतो. ती दाबा. दिवा लागला, पुन्हा दाबल्यावर विझला, तर यंत्र जागं आहे आणि फक्त पडदा दिसत नाही. दाबूनही काही हललं नाही, तर ते हजेरीतच अडकलंय.

यंत्र जागं असेल तर खोलीत अंधार करा आणि मोबाईलची बॅटरी पडद्यावर तिरकी धरून जवळून बघा. आपल्या दिवाळीच्या आकाशकंदिलात रंगीत कागद वेगळा आणि आतला बल्ब वेगळा असतो. लॅपटॉपचा पडदा तसाच. चित्र काढणारा थर स्वतः उजेड देत नाही, त्याच्यामागं एलईडीचा उजेड असतो. बल्ब गेला तरी कागद जागेवरच राहतो. बॅटरीच्या उजेडात पुसट चिन्ह, पुसट अक्षरं दिसली तर मागचा उजेड गेलाय, किंवा उजेड कमी करायची कळ कुणाच्या तरी बोटानं शेवटपर्यंत दाबली गेलीय. वरच्या ओळीतली सूर्याचं चित्र असलेली कळ आधी दाबून बघा, काहींवर तिच्यासोबत एफएन ही कळही दाबावी लागते. एका अंगणवाडीताईंचा लॅपटॉप चार दिवस कपाटात "बिघडलेला" म्हणून पडला होता, आणि बिघाड काय, तर हा सूर्य मावळलेला! ताई अजून हसतात.

पुसटही काही दिसत नसेल तर घरातला टीव्ही कामाला येतो. आजकालच्या टीव्हीला मागं एचडीएमआयची चपटी खोबण असते, लॅपटॉपलाही असते. दोन्ही जोडणारी वायर लावून टीव्हीवर चित्र आलं, तर लॅपटॉपचं डोकं ठीक आहे, पडदा नाहीतर पडद्याची वायर खराब आहे. ही वायर बिजागरीतून जाते. आपण झाकण एका कोपऱ्याला धरून उचकटतो, मग बिजागरी ढिली होते आणि वायर घासते. झाकण हलवल्यावर पडदा लुकलुकत असेल तर संशय तिथंच घ्या. आणि झाकण नेहमी मध्यभागी धरून उघडा, ही सवय लहान मुलांनाही लावा. टीव्ही जोडलेला असताना या वायरीच्या भरवशावर निम्मं महिन्याचं काम उरकता येतं, दुरुस्तीला घाई नको.

आता जे यंत्र हजेरीतच अडकलंय त्याच्यासाठी. पेन ड्राइव्ह, प्रिंटरची वायर, माऊस, नेटचा डोंगल, जे जे खोचलंय ते सगळं काढा. चार्जर काढा. बॅटरी बाहेर निघणारी असेल तर तीही काढा. मग चालू करायचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. पूर्ण अर्धा मिनिट, मनात तीस मोजा. सोडा. आता फक्त चार्जर लावून चालू करा. हा जादूटोणा नाही. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये कॅपॅसिटर असतो, लाईट गेल्यावरही त्यात थोडी वीज राहते, म्हणून घरचे पुरुष लगेच हात लावू देत नाहीत. लॅपटॉपच्या पाटीवरही असे बारीक कॅपॅसिटर असतात. वीज अचानक गेली-आली की आतला छोटा नियंत्रक अर्धवट अवस्थेत अडकतो. वीज पूर्ण काढून बटण दाबून धरलं की उरलीसुरली वीज संपते आणि तो पहिल्यापासून सुरू होतो. आपल्याकडे उन्हाळ्यात दिवसातून चारदा लाईट जाते, तिथं हा उपाय पुष्कळदा लागू पडतो.

त्या गावात आम्ही हे सगळं केलं. कॅप्स लॉक दाबून हलेना. तीस मोजले, तरी काळाच. पण एक गोष्ट ध्यानात आली. चालू करताना यंत्र बीप असा आवाज करत होतं, ठरावीक वेळा, मग थांबून पुन्हा तेवढाच. पडदा नसताना हजेरी घेणाऱ्याकडं बोलायला दुसरं तोंड नसतं, म्हणून कोण गैरहजर आहे ते तो आवाजानं किंवा दिवा उघडझाप करून सांगतो. किती वेळा म्हणजे काय, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, ते आपण पाठ करायची गरज नाही. फक्त मोजून कागदावर लिहायचं. त्या सुनेनंच मोजलं, तीनदा मोजलं, आणि वहीत लिहिलं. मोबाईलवर आवाजाचा व्हिडिओही घेतला.

तो व्हिडिओ आम्ही जिल्ह्याच्या गावी दुसऱ्या एका दुरुस्तीवाल्याला पाठवला. तो म्हणाला, रॅम असेल, घेऊन या. दुसऱ्या दिवशी त्यानं आमच्यासमोर मागचं झाकण उघडलं, बोटभर लांबीची हिरवी पट्टी काढली, तिच्या सोनेरी दातांवर साधा खोडरबर हळूच फिरवला, खाच ब्रशनं झाडली आणि पट्टी परत टक करून बसवली. पडदा लागला. तोच जुना फोटो, तुळजापूरला सगळ्या जणी गेल्या होत्या तेव्हाचा. त्यानं दोनशे रुपये घेतले.

रॅम हलली कशानं? लॅपटॉप प्रत्येक बैठकीला मोटारसायकलच्या टाकीवर पिशवीत ठेवून नेला जायचा. आपले रस्ते तुम्हाला माहीत आहेत. शिवाय खोली पत्र्याची, शेजारी हरभऱ्याचं खळं, आत धूळ आणि भुसा. सोनेरी दातांवर थर चढला, धक्क्यानं पट्टी केसभर सरकली. त्या रात्री झाकण लावणं हे निमित्तसुद्धा नव्हतं. झाकण कुणीही लावलं असतं.

रॅम काढायचं काम घरी करू नका, असं आम्ही मुद्दाम सांगतोय. अंगातली स्थिर वीज, म्हणजे थंडीत पॉलिस्टरची साडी काढताना चटचट वाजते ती, तिच्यानंही बारीक भाग जळू शकतो. शिवाय वॉरंटी असेल तर खोलल्यावर कंपनी हात वर करते.

तिसरा प्रकार राहिला. चिन्ह येतं, गोल गोल फिरतं, आणि मग काळं होतं, कधी नुसता पांढरा बाण दिसतो. हजेरी झाली, आता अडचण विंडोजची आहे. आधी थांबा. अपडेट चालू असेल तर अर्धा तासही लागतो, मध्येच बंद केलं तर खरंच बिघडतं. थांबूनही काही नाही, तर विंडोजचं चिन्ह असलेली कळ, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार एकदम दाबा. बीप ऐकू येऊन पडदा चमकला तर चित्र चालवणारा भाग नव्यानं सुरू झाला. नाहीतर कंट्रोल, ऑल्ट, डिलीट एकदम दाबा, निळा पडदा आला तर खालच्या कोपऱ्यातून रीस्टार्ट करा. तेही नाही, तर चालू होता होता बटण दाबून बंद करा, असं दोन-तीनदा केलं की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखवतं. तिथं ट्रबलशूट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग स्टार्टअप सेटिंग्ज, मग रीस्टार्ट, आणि यादी आली की ४ हा आकडा. याला सेफ मोड म्हणतात, कमीत कमी सामानावर चालणारं विंडोज. तिथं पडदा दिसला की पहिलं काम दुरुस्तीचं नाही, नोंदींची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यायची.

या वाटेवर काही लॅपटॉप ४८ आकड्यांची किल्ली मागतात. डिस्कला बिटलॉकर नावाचं कुलूप असेल तर असं होतं. ती किल्ली लॅपटॉप ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं सुरू केला त्यात जपलेली असते. खातं कुणाचं? बऱ्याच ठिकाणी विकणाऱ्या दुकानदाराच्या पोरानं स्वतःच्याच ईमेलनं उघडलेलं असतं! आज घरी गेल्यावर हे तपासा. यंत्र चालू आहे तोवरच तपासता येतं.

कधी एकाच वेळी हजारो ठिकाणी पडदे अडतात, तेव्हा तर वापरणारीचा काहीच दोष नसतो. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटनं जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडून बसले. आपल्या देशातल्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तिथंही शेवटी वहीपेनच कामाला आलं.

विजेबद्दल थोडं. लॅपटॉपच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येत असतील तर अर्थिंग बघायला हवं. तीन पिनांचा चार्जर असेल तर तिसरी पिन मोडून दोन पिनांच्या बोर्डात कोंबू नका. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, आपला भाग तसाच. खड्ड्यात पाणी घालत राहा, बाकी वायरमनकडून तपासून घ्या. लाईट सारखी ये-जा करत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर काम करा आणि लाईट स्थिर झाल्यावर लावा. गोधडीवर, उशीवर लॅपटॉप ठेवला की खालची हवेची जाळी बुजते आणि तो तापून बंद पडतो, एखादा पाट घ्या. आणि बॅटरी फुगून खालचं झाकण उचललेलं दिसलं, किंवा बोट फिरवायची चौकट वर आलेली दिसली, तर चार्ज करू नका, दाबून बसवू नका, टोचू तर नकाच. तशी बॅटरी पेट घेऊ शकते. बंद करून जाणकाराकडं द्या.

दुकानात द्यायची वेळ आलीच तर एकटीनं जाऊ नका, दोघी जा. यंत्राचा क्रमांक लिहून घ्या, खाली चिकटवलेला असतो. "डेटाला हात लावायचा नाही, फॉरमॅट आम्हाला विचारल्याशिवाय नाही" हे पावतीवरच लिहून घ्या. शक्य असेल तर समोर बसून करून घ्या. त्या डिस्कवर साठ-सत्तर बायांची आधार कार्डं, पासबुकं, फोटो असतात, ते कुणाच्याही दुकानात आठवडाभर पडून राहू नयेत. भाग बदलला तर जुना भाग परत मागा. मदरबोर्ड गेला म्हणाला, तर कशावरून, ते विचारा. पैसे घेऊन काम नीट नाही झालं, पावती नाकारली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तिथं मराठीतही बोलता येतं.

प्रश्न विचारायचं आपल्याला काही नवं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, लातूरबरोबर आपल्या लोहारा-उमरगा भागातली गावं पडली. नंतर घरं दुरुस्त करायच्या कामात गावोगावच्या बाया संवाद सहायक झाल्या. तोवर ज्यांनी गवंड्यापुढं तोंड उघडलं नव्हतं त्या बाया भिंतीत बांधणी कुठं घालायची, सिमेंट किती, हे शिकून घेऊन गवंड्याला आणि इंजिनिअरला विचारू लागल्या. त्यातल्या काही जणी आज आपल्याच गटांत आज्या झाल्यात. लॅपटॉपच्या दुकानात त्यांना सोबत न्या, बघा दुकानदार कसा सरळ बोलतो.

आता त्या फाईलचं काय झालं? लॅपटॉप दुरुस्त होऊन आला तो तिसऱ्या दिवशी, म्हणजे बँकेची तारीख उलटून गेल्यावर. पण फाईल वेळेत गेली. गटातल्या एक म्हाताऱ्या मावशी, लॅपटॉपवर काडीचा विश्वास नसलेल्या, दर बैठकीला नातवाकडून बचत आणि परतफेडीचे आकडे शाळेच्या वहीत लिहून घेत होत्या. त्यांना सगळ्या हसायच्या. त्या वहीवरून रात्री दोन वाजेपर्यंत बसून पत्रकं भरली. भरणारी तीच सून, शेजारी कंदील धरून सासूबाई.

माफी कुणी मागितली नाही, आम्हीही तो विषय काढला नाही. पुढच्या महिन्यात गेलो तेव्हा लॅपटॉप टाकीवरून नाही, स्पंज लावलेल्या पिशवीत पाठीवरून येत होता. झाकणाच्या आत सुनेनं एक कागद चिकटवलेला, तिच्याच अक्षरात: चार्जरचे व्होल्ट, यंत्राचा क्रमांक, बिल कुठल्या पेटीत आहे, ईमेल कुणाचा, आणि खाली पेन ड्राइव्हवर प्रत घेतल्याच्या तारखा. शेवटची तारीख त्याच दिवसाची होती. पेन ड्राइव्ह मावशींच्या वहीत ठेवलेला असतो.